पक्ष्यांसाठी पहिली लांब लेन्स घेताना

थंडी सुरू होते, भिगवणला पट्टकादंब उतरल्याची बातमी येते आणि दर वर्षीचा प्रश्न कानावर पडतो: "माझ्याकडे क्रॉप बॉडी आणि ५५-२५० आहे. पक्षी ठिपक्याएवढा येतो. कुठली लेन्स घेऊ?" (क्रॉप बॉडी म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा, ५५-२५० म्हणजे तेवढ्या मिलिमीटरची झूम लेन्स.) विचारणाऱ्याला एक नाव हवं असतं. ते मी शेवटी सांगतो, आधी नाही. दोन लाखांच्या लेन्स कपाटात पडून राहिलेल्या बऱ्याच पाहिल्यात, आणि त्यातली एकही वाईट नव्हती. घेणाऱ्याच्या फिरण्याशी तिचं जमलं नाही, एवढंच.

पुढचा क्रम पैसे काढण्याआधीचा आहे. निम्म्या गोष्टी घरबसल्या, आहे त्याच कॅमेऱ्यावर करता येतात.

१. आधी टूथब्रशचा फोटो काढा

छोटा खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण १७ सेंटिमीटर भरतो. टूथब्रशही जवळपास तेवढाच. तर एक टूथब्रश कंपाउंडच्या भिंतीवर आडवा ठेवा, टेपने १५ मीटर अंतर मोजा आणि हातात असलेल्या लेन्सने, झूम पूर्ण ताणून फोटो काढा. मग कॉम्प्युटरवर बघा.

हिशेब सोपा आहे. सेन्सरची रुंदी गुणिले अंतर, भागिले फोकल लेन्थ (लेन्सवर लिहिलेले मिलिमीटर), की फ्रेममध्ये किती रुंदीचा तुकडा मावतो ते कळतं. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो, क्रॉप सेन्सर सुमारे २४ (कॅननचा थोडा कमी, २२ च्या आसपास). क्रॉप बॉडीवर ३०० मिलिमीटरने १५ मीटरवर बघितलं तर सुमारे १.२ मीटर रुंदी दिसते. त्यात १७ सेंटिमीटरचा खंड्या म्हणजे फ्रेमचा सातवा भाग. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत तो जेमतेम ८५० पिक्सेल लांब येईल. मोबाइलवर पाठवायला चालेल, पण पिसांचा पोत बघायला बसलात की निराशा होईल. तिथूनच ६०० ने काढला तर १७०० पिक्सेल.

आता टूथब्रश तिथेच ठेवून तुम्ही साडेसात मीटरवर या आणि तीच ३०० वापरा. पुन्हा १७०० पिक्सेल! लेन्स दुप्पट लांब केली काय, अंतर निम्मं केलं काय, पक्षी फ्रेममध्ये तेवढाच भरतो. फरक एवढाच की दुसऱ्या प्रकारात मधली हवा निम्मी असते, आणि तो फरक लहान नाही. सकाळी दहानंतर पाण्यावरची, डांबरावरची, माळरानावरची हवा थरथरायला लागते. तिच्यातून काढलेला फोटो कितीही भारी लेन्सने काढा, डोळ्याच्या कडा विरघळल्यासारख्या येतात. मग "माझी लेन्स शार्प नाही" अशी तक्रार घेऊन लोक सर्व्हिस सेंटर गाठतात. हिवाळ्यात गाडीतला हीटर लावून खिडकीतून फोटो काढला तरी हेच होतं, कारण आतली गरम हवा बाहेरच्या गार हवेत मिसळत असते.

म्हणून पहिली पायरी ही: गेल्या वर्षभरातले आपले फोटो उघडा आणि पक्षी किती अंतरावर होते त्याचा अंदाज घ्या. बहुतेक ५० मीटरच्या पलीकडे असतील तर लेन्सच्या आधी जागा, वेळ आणि बसण्याची पद्धत बदलायला हवी. पाणवठ्याजवळ उन्हाला पाठ करून अर्धा तास न हलता बसलं तर वेडा राघू आपल्या आवडत्या काडीवर पुन्हा पुन्हा येऊन बसतो. ही सवय फुकट आहे आणि तिला वॉरंटीही लागत नाही.

२. तुम्ही उभे कुठे असता?

सगळ्यात मोठा फरक इथे पडतो, म्हणून जरा सविस्तर.

भिगवण घ्या. उजनीच्या फुगवट्यावर, कुंभारगावच्या बाजूने नावेतून जायचं. नाव हलत असते, तुमच्या मागे-पुढे माणसं असतात, ट्रायपॉड उघडायला जागा नाही. पक्षी मोठे, म्हणजे रोहित, चित्रबलाक, पट्टकादंब. आणि एकाएकी उडणारे. इथे झूम हवीच, कारण थवा डोक्यावरून गेला की ६०० वर अडकलेल्या माणसाच्या फ्रेममध्ये फक्त एक पंख येतो. हातात धरून तासभर पेलेल अशी, २०० पासून ५०० किंवा ६०० पर्यंत जाणारी झूम हे इथलं नेमकं हत्यार. ठाण्याच्या खाडीत रोहितांसाठी नावेतून गेलात तरी हेच लागू.

ताडोबाचं गणित उलटं. जिप्सीतून वाघ दिसलाच तर अनेकदा तो रस्त्यावर, १५ मीटरवर चालत येत असतो. त्या अंतरावर फुल फ्रेमवर ६०० लावली तर ९० सेंटिमीटरची चौकट मिळते. म्हणजे वाघाचं तोंड, बाकी वाघ बाहेर. क्रॉप बॉडीवर तर तेवढंही नाही. ताडोबा, पेंच, नवेगाव-नागझिरा अशा सफारी हेच तुमचं मुख्य फिरणं असेल तर १००-४०० किंवा १००-५०० पुरे. उलट अशा वेळी ६०० वाल्याला मोबाइल काढावासा वाटतो, पण तोही अनेक गाभा क्षेत्रांत न्यायला बंदी असते.

माळरानाची तऱ्हा तिसरी. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा, किंवा सासवडच्या बाजूला शिकारी पक्षी. दोन्हींना गाडीची भीती कमी आणि पायी येणाऱ्या माणसाची जास्त. म्हणजे गाडी हाच आडोसा. इंजिन बंद करायचं (थरथर थेट लेन्समध्ये उतरते), दाराच्या काचेवर बीन बॅग ठेवायची आणि तिच्यावर लेन्स. बीन बॅग रिकामी न्यावी, पोचल्यावर दुकानातून दोन किलो तांदूळ घेऊन भरावी. परतताना तांदूळ घरी कामाला येतात. लांब पल्ल्याची लेन्स खरी कामाला येते ती इथे. ६०० घ्या, ८०० घ्या, जास्त होणार नाही.

आणि चौथं, घनदाट झाडी: कर्नाळा, फणसाड, आंबोली, गोव्यात तांबडी सुर्ला. इथे पक्षी अनेकदा आठ-दहा मीटरवर असतो, पण उजेड नसतो. पावसाळ्याच्या तोंडावर तिबोटी खंड्याच्या मागे जाणाऱ्यांना हे चांगलंच ठाऊक आहे. तिथे मिलिमीटर कमी असले तरी चालतात, अपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत येण्याचं भोक, मोठं लागतं. (जाता जाता: घरट्याजवळ ठाण मांडून, समोरच्या फांद्या तोडून काढलेला फोटो कोणत्याही लेन्सने काढलेला असो, तो काढू नये. पिल्लांना भरवायला येणारा पक्षी तुमच्यामुळे तोंडात चारा धरून तासभर ताटकळतो.)

घराजवळचं तळं, सोसायटीतली झाडं, कवडीपाटसारखा नदीकाठ इतकंच असेल, तर हलकी लेन्स घ्या. जी रोज बरोबर नेली जाते तीच फोटो देते.

३. उजेडाचा हिशेब

लेन्सवर लिहिलेला एफ आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त. ६०० एफ/४ च्या पुढच्या काचेचा व्यास १५० मिलिमीटरच्या आसपास लागतो, ६०० एफ/६.३ ला ९५ पुरतो. काच मोठी की वजन आणि किंमत दोन्ही उड्या मारतात. म्हणूनच ६०० एफ/४ दहा लाखांच्या वर जाते आणि १८०-६०० किंवा २००-६०० झूम दीड-दोन लाखांच्या घरात मिळते.

झाडीत सकाळी सात वाजता एफ/४ वर, १/१००० शटरला (सेकंदाचा हजारावा भाग) आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; वाढवली की फोटोत नॉइज, म्हणजे दाणे, येतात) १६०० लागत असेल, तर त्याच जागी एफ/८ वर ६४०० लागेल. एफ/११ वर १२,८०० च्या आसपास. आजच्या फुल फ्रेम बॉडी आणि नॉइज काढणारी सॉफ्टवेअर असल्यामुळे ६४०० ला घाबरायचं कारण उरलेलं नाही. दहा वर्षं जुन्या क्रॉप बॉडीवर मात्र ते झेपत नाही. त्यामुळे "एफ/६.३ पुरेल का" याचं उत्तर अर्धं तुमच्या बॉडीत आहे.

नव्या माणसाचा एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (कुणी व्हीआर म्हणतं, कुणी आयएस, कुणी ओएसएस) तुमच्या हाताची थरथर थांबवतं. पक्ष्याची मान नाही. बसलेल्या शिंपी पक्ष्यालाही १/१००० लागतो, कारण तो कधी स्वस्थ बसतच नाही. उडणाऱ्यासाठी १/२००० पासून पुढे. स्टॅबिलायझेशन आहे म्हणून १/१२५ वर गेलात तर फांदी सुरेख शार्प येईल आणि पक्षी पुसट.

टेलिकन्व्हर्टरबद्दल (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसवून पल्ला वाढवणारा जोड) माझं मत सरळ आहे: पहिल्या लेन्सबरोबर घेऊ नका. १.४ पट वाला एक स्टॉप, म्हणजे निम्मा, उजेड खातो, २ पट वाला दोन. एफ/६.३ ची लेन्स एफ/९ होते. जुन्या डीएसएलआर (आत आरसा असलेल्या) बॉडींचा ऑटोफोकस एफ/८ च्या पुढे, काहींचा तर एफ/५.६ च्याच पुढे, भरवशाचा राहत नाही. मिररलेसमध्ये फोकस होतो, पण संध्याकाळी चाचपडतो.

४. दोन लिटरची बाटली

वजनाचे आकडे वाचून काही कळत नाही. दोन लिटर पाण्याने भरलेली बाटली डोळ्यासमोर, कॅमेरा धरतात तशी, तीन मिनिटं धरून उभे राहा. मग वाचा: सोनी २००-६०० सुमारे २.१ किलो, निकॉन झेड १८०-६०० कॉलरसकट (ट्रायपॉडवर बसवायच्या कड्यासकट) तेवढीच, कॅनन आरएफ २००-८०० दोन किलोच्या थोडी वर, सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी १.९ च्या आसपास. यात बॉडीचे सहाशे-सातशे ग्रॅम अजून धरायचेत. कॅनन आरएफ १००-५०० कॉलर काढून १.४ किलोच्या आत येते आणि आरएफ १००-४०० तर ६३५ ग्रॅम. खांदा दुखणारा, पन्नाशी ओलांडलेला किंवा सिंहगड चढून जाणारा माणूस असेल त्याने ही ओळ दोनदा वाचावी.

वजनाइतकाच तोलही महत्त्वाचा. काही लेन्स झूम केल्यावर पुढे लांब होतात आणि तोल पुढे झुकतो. सोनी २००-६०० आणि निकॉन झेड १८०-६०० आतल्या आत झूम होतात, लांबी बदलत नाही, धूळही कमी ओढतात. मला हा गुण आकड्यांच्या शर्यतीपेक्षा मोलाचा वाटतो.

मोनोपॉड (एकपायी स्टँड) स्वस्त आहे, घ्या. गिंबल हेड (जड लेन्स तोलून सहज फिरवणारं) आणि जड ट्रायपॉड नंतर बघता येईल.

५. आता नावं

तुमची बॉडी कुठली, यावर यादी आपोआप लहान होते.

निकॉन डीएसएलआर असेल तर २०१५ साली आलेली २००-५०० एफ/५.६ अजूनही पैसे वसूल करणारी आहे. सबंध झूममध्ये एफ/५.६ टिकतो आणि सेकंडहँड बाजारात ती सहज सापडते. पुढे मिररलेसवर गेलात तर एफटीझेड अडॅप्टरवर ती नीट चालते. निकॉनची मिररलेस, म्हणजे झेड बॉडी आधीच असेल तर थेट १८०-६०० कडे वळा.

कॅननच्या जुन्या, डीएसएलआरच्या ईएफ लेन्स मिररलेस आर बॉडीवर अडॅप्टरने विनातक्रार चालतात, म्हणून १००-४०० ची दुसरी आवृत्ती सेकंडहँड मिळाली तर घ्यावी. नवीनच हवी आणि खिसा बेताचा असेल तर आरएफ १००-४००. तिचा एफ/८ लक्षात ठेवून, उजेडात वापरायची. आरएफ ६०० एफ/११ आणि ८०० एफ/११ या दोन स्वस्त, हलक्या लेन्सबद्दल नेहमी विचारणा होते. चांगल्या उन्हात, बसलेल्या पक्ष्यासाठी गंमत आहे. पण अपर्चर एफ/११ वरच कायम, ८०० ला सहा मीटरच्या आतलं काही फोकस होत नाही, आणि फोकस पॉइंट फ्रेमच्या मधल्या भागापुरते. पहिली आणि एकमेव लेन्स म्हणून मी सुचवणार नाही.

सोनीवाल्यांचं सोपं आहे: २००-६००. हलकी हवी तर टॅमरॉन १५०-५००, क्रॉप बॉडी असेल तर ७०-३५० जी. एक बारीक गोष्ट: सिग्मा-टॅमरॉनच्या लेन्सवर सोनीचा टेलिकन्व्हर्टर बसत नाही आणि सोनीच्या अतिवेगवान बॉडीवर त्या सेकंदाला १५ फ्रेमच्या वर जात नाहीत. नवख्याला १५ सुद्धा जास्तच.

आणि ज्यांना भिंतीवर लावायचे फोटो नकोत, पक्षी ओळखायचाय, नोंद करायचीय, त्यांनी लेन्सच्या फंदात पडूच नये. निकॉन पी९५० सारखा ब्रिज कॅमेरा (लेन्स कायमची जोडलेला) २००० मिलिमीटरएवढा पल्ला एका हातात देतो. सेन्सर चिमुकला, त्यामुळे संध्याकाळी हात टेकतो. पण समोरच्या टेकडीवर बसलेला शिकारी पक्षी कोणता, हा वाद तो मिटवतो. अनेक जाणते पक्षीनिरीक्षक हेच घेऊन फिरतात, त्यात कमीपणा नाही.

६. भाड्याने घ्या, मग सेकंडहँड बघा

पुण्या-मुंबईत, नाशिक-नागपुरातही लेन्स भाड्याने देणारी दुकानं आहेत. ओळखपत्र आणि डिपॉझिट लागतं. मनात भरलेली लेन्स शनिवार-रविवारसाठी घ्या आणि नेहमीच्याच ठिकाणी जा, नव्या ठिकाणी नको. पहिल्या सकाळी फोटो बघू नका, हात किती वेळा खाली आला ते बघा. दुसऱ्या सकाळी आकाशातली घार फ्रेममध्ये पकडायचा प्रयत्न करा. लांब लेन्समधून पक्षी सापडतच नाही, हा अनुभव सगळ्यांना येतो. आधी झूम कमी करून पक्षी पकडायचा, मग आत जायचं. झूमची रिंग तुमच्या बोटांना सहज फिरतेय का? अर्धा वळसा घालावा लागत असेल तर तेवढ्यात घार निघून जाते.

सेकंडहँड घेताना उन्हात नाही, अंधाऱ्या खोलीत जा. मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने लेन्समध्ये मारा आणि समोरून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर ती बुरशी. किंमत कितीही उतरवली तरी नको म्हणा. धुळीचे चार कण सगळ्याच लेन्समध्ये असतात, त्यांनी फोटोला काही होत नाही. मग लेन्स खाली तोंड करून धरा, झूम आपोआप घसरते का बघा. स्टॅबिलायझेशन चालू करून कान लावा: मंद घरघर ठीक, खटखट नको. शेवटी आपल्या स्वतःच्या बॉडीवर लावून विटांच्या भिंतीचे फोटो काढा, सर्वात लहान, मधल्या आणि सर्वात लांब फोकल लेन्थला, अपर्चर पूर्ण उघडं ठेवून. डावी बाजू शार्प आणि उजवी मऊ, असं दिसलं तर आतली काच सरकलेली आहे.

बिल मागा. बॉक्सवरचा आणि लेन्सवरचा सिरियल नंबर जुळवा. नवी घेताना कंपनीची भारतातली वॉरंटी आहे का, हे बिलावर लिहून घ्या. पाच-दहा हजार स्वस्त मिळणाऱ्या लेन्सवर बरेचदा फक्त दुकानाची वॉरंटी असते.

७. घरी आल्यावर

कोकण, मुंबई, गोवा असेल तर पावसाळ्याची सोय लेन्सबरोबरच करा. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि एक स्वस्त हायग्रोमीटर. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिली की झालं. लेन्सबरोबर आलेल्या कापडी पिशवीत घालून कपाटात ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. पुढे संरक्षणासाठी फिल्टर लावायचा असेल तर चांगल्या प्रतीचाच. ९५ मिलिमीटरचा चांगला फिल्टर महाग येतो, आणि स्वस्त फिल्टरने दोन लाखांच्या काचेचा शार्पनेस जातो. मी फिल्टर लावत नाही, हूड (लेन्सच्या पुढची नळी) कायम लावलेला असतो.

फोकस लिमिटरचं बटण असेल तर लांबच्या पक्ष्यांसाठी ते लांबच्या बाजूला ठेवा, म्हणजे ऑटोफोकस हुकल्यावर जवळच्या गवतापर्यंत जाऊन परत यायचा वेळ वाचतो. जवळ आलेला पक्षी फोकसच होत नसेल, तर सर्वात आधी हेच बटण तपासा. डीएसएलआर असेल तर एका स्थिर वस्तूवर व्ह्यूफाइंडरमधून आणि लाइव्ह व्ह्यूमधून (मागच्या स्क्रीनवरून) असे दोन फोटो काढून ताडून बघा. लाइव्ह व्ह्यूचा शार्प आणि दुसरा नाही असं सातत्याने आलं, तर बॉडीत फाइन ट्यूनची (फोकस किंचित पुढे-मागे करण्याची) सोय आहे का ते शोधा. नसेल तर लेन्स आणि बॉडी दोन्ही घेऊन सर्व्हिस सेंटरला जा. हे सगळं परत करायची मुदत संपायच्या आत, आणि सकाळी दहाच्या आधी.